आबांनी न पाहिलेली नळी

पेडगावात माझ्या नोकरीबद्दल एकच समजूत होती: ही पोरगी समुद्रात नळ बसवते. ती पसरवली माझ्या वडिलांनीच, म्हणजे आबांनी. पारावर कुणी विचारलं, "पोरगी काय करती वो मुंबईला?" की ते एका दमात एवढं सांगून मोकळे व्हायचे. समोरचा बुचकळ्यात पडायचा. इथं उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळायची पाळी, आणि ही बया जिथं सगळीकडं पाणीच पाणी आहे तिथं नळ बसवत बसलीय! एकदा सुट्टीत गावी गेले तर पंचायतीतले एक मेंबर घरी आले आणि आमच्या आळीला पाणी कमी दाबानं का येतं, हे मला विचारू लागले. मी म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही. पोरगी शिकली आणि गावाला विसरली, असं म्हणत ते उठून गेले.

आबांना मी नीट समजावलं नव्हतं असं नाही. खोल समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, तळाच्याही खाली तेल आणि वायू सापडतो. वर एक तरंगता प्लॅटफॉर्म असतो. तळापासून त्या प्लॅटफॉर्मपर्यंत तेल वर आणणारी जी पोलादी नळी, तिला रायझर म्हणतात. खोली एवढी असते की खालून खांब उभा करून तिला आधार देता येत नाही. ती वरच्या टोकाला टांगायची आणि खाली सैल सोडायची. वाघरीच्या दोरीला जसा झोळ पडतो तसा तिला झोळ पडतो आणि तळाजवळ वळण घेऊन ती गाळात आडवी होते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायला चारी बाजूंनी ताणायची जाळी. आबांचं सगळं आयुष्य ती ताणण्यात गेलेलं, त्यामुळं झोळ त्यांना लगेच समजला. "मंग त्यात इंजिनेर कशाला लागतो?" एवढंच त्यांनी विचारलं.

इंजिनेर लागतो, कारण समुद्र गप्प बसत नाही. लाटांनी प्लॅटफॉर्म हलतो, तो हलला की नळी हलते, आणि नळी जिथं तळाला टेकते तिथं ती रात्रंदिवस थोडी उचलते, थोडी बसते. तार हातानं पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच पोलादाचंही आहे, फक्त त्याला वेळ लागतो. तो वेळ किती, हे आधी सांगणं म्हणजे आमचं काम. आमच्या गटात ती टेकण्याची जागा माझ्या वाट्याला आली होती. तिथं नळीची जाडी किती ठेवायची, सांधे कुठं येऊ द्यायचे, गाळ किती मऊ धरायचा, यात माझी दोन-तीन वर्षं गेली. रायझर सगळा माझा नव्हता. त्याच्या पायाजवळचे काही तुकडे तेवढे माझे.

आबांना ते तुकडे बघायचे होते.

याचं मूळ आमच्या एका सोयऱ्यांत आहे. त्यांच्या मुलानं चारठाण्याकडच्या रस्त्यावर एका ओढ्यावर पूल बांधला होता. पूल कसला, मोरीच ती. पण सोयरे कुणी पाहुणा आला की जीपवाल्याला तिथं थांबायला लावत, खाली उतरून कठड्यावर थाप मारत आणि म्हणत, "आमच्या पोराचा हाय." आबांनाही त्यांनी दोनदा उतरवलं होतं. घरी आल्यावर आबा म्हणाले, "त्याच्या वढ्याला पानी न्हाई तर पूल दाखवितो. तुझं काम एवढं मोठं, आन आमाला काय दाखवायलीस? मोबाइलमंदी एक वाकडी रेघ!"

खरंच होतं ते. आमच्या पेशात ही एक खोट आहे. धरण बांधणारा धरण दाखवतो, गवंडी भिंत दाखवतो. आमची नळी एकदा खाली गेली की तिथं मिट्ट काळोख आणि गाळ. ती चांगली चालली तर पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि पडली तर समजावं काहीतरी बिघडलंय.

तरी एक संधी होती. नळी पाण्यात जाण्याआधी काही दिवस जमिनीवर असते. काकिनाड्याच्या बाजूला एका यार्डात तिचे तुकडे जोडून लांब कांड्या केल्या जात होत्या. एकेक सांधा तपासायचा, मनासारखा नसला तर कापून पुन्हा करायचा. सगळ्या कांड्या झाल्या की त्या बार्जवर, म्हणजे मोठ्या सपाट तराफ्यावर, चढवून खोल समुद्रातल्या जहाजाकडं न्यायच्या. तिथं त्या एकीखाली एक जोडत हळूहळू पाण्यात सोडतात. आणि आपल्याकडं यंत्र कितीही परदेशी असो, नारळ फुटल्याशिवाय हलत नाही. बार्ज निघायच्या आधी यार्डात पूजा ठरली होती. आमच्या साहेबांनी सांगितलं, घरच्या कुणाला आणायचं असेल तर आणा.

मी त्याच दिवशी गावी फोन लावला. आबांनी आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "तुझे तुकडे येगळे वळखू येतील का?" मी म्हणाले, येतील, टोकाला पांढऱ्या रंगानं आकडे टाकलेत, मी बोट ठेवून दाखवते. "मंग येतो," म्हणाले.

त्यांचं येणं सोपं नव्हतं. गाडीची अडचण नव्हती, शिर्डीहून काकिनाड्याला जाणारी गाडी आमच्या परभणीवर थांबते. अडचण मेंढरांची होती. सोयाबीन निघालं की रानं रिकामी होतात आणि शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतात. काही रात्री कळप त्या रानात कोंडायचा, लेंड्यामुतानं रान खतावतं आणि मेंढरंवाल्याला ज्वारी मिळते. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, झाली की पौषात आबांची अशी बोलावणी पाथरीपर्यंत लागलेली असायची. एकदा जबान दिली की आबा त्या रानातून हलत नसत, मग घरी लगीन असो की मयत. पूजाही नेमकी पौषातच आली होती. पण या खेपेला त्यांनी चुलतभावाला कळपावर बसवलं, शेतकऱ्याच्या हातापाया पडले आणि चार दिवस सोडवून घेतले. मायनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं. आनंदानंच.

इथून पुढचं सगळं एका दिवसाच्या फरकानं झालं.

पूजेचा दिवस ठरला होता तो समुद्राच्या अंदाजावर. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार व्हायला लागला आणि हवामानवाल्यांनी कळवलं की पुढचे काही दिवस पाणी शांत आहे, नंतर खवळेल. लाट उंच झाली की लटकती नळी हातात धरून जहाज उभं राहू शकत नाही. म्हणजे बार्ज आधीच निघायला हवा. सगळं दोन दिवस अलीकडं आलं. मी सकाळीच आबांना फोन केला. म्हणाले, "आबा, आजच्या गाडीत बसा."

"आज कसं जमंल? घोंगडी वाळायलीय."

मला काही कळेना. मग उलगडा झाला. लेकीच्या कामाच्या जागी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आबांनी आपल्याच मेंढरांच्या लोकरीची नवी घोंगडी विणायला टाकली होती. पूजेला खाली अंथरायला. विणून झाली होती, पण तिला चिंचोक्याची खळ लावलेली, आणि ती उन्हात कडक वाळल्याशिवाय घोंगडी घडी घालता येत नाही. परभणीत दोन दिवस आभाळ आलं होतं. ज्या ढगांनी आमची तारीख ओढली त्याच ढगांनी तिकडं घोंगडी ओली ठेवली होती.

"ओलीच आणा," मी म्हणाले.

"ओली घोंगडी पूजंला? येडी का काय तू? उद्याच्या गाडीनं येतो की. तवर थांबतेत ते."

"आबा, समुद्र थांबत नाही."

"समुद्र नसंल थांबत. मानसं थांबत्यात. पोरीचा बाप आल्याबिगर कुठं अक्षता पडत्यात व्हय?"

हे ते उगाच बोलत नव्हते. माझ्या लग्नात तसंच झालं होतं. ऐन मुहूर्तावर आबांचा कळप कुणाच्या तरी कपाशीत शिरला आणि नवरीचा बाप मांडव सोडून कपाशीकडं धावला. मुहूर्त टळला. गुरुजी कुरकुरले, वऱ्हाडी भुकेनं बेजार झाले, बँडवाल्यांनी तीच तीच गाणी परत वाजवली. पण एकानंही अक्षता टाकली नाही. आबा आले, पायाचा चिखल धुतला, पटका सारखा केला, आणि मगच मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्या मुलखात असंच असतं. ज्याचं कार्य त्याच्यावाचून नारळ फुटत नाही. हे त्यांच्या अंगात एवढं भिनलं होतं की कुणी थांबणार नाही ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरेना. मी चिडले, ओरडले, शेवटी विनवण्या केल्या. ते मलाच धीर देत राहिले. "साहेबाला सांग, बाप निगालाय म्हणावं. ऐकतेत मानसं."

मी साहेबांना सांगितलंही. वेड्यासारखं विचारलं की एक दिवस थांबता येईल का. साहेब भले माणूस. हसले नाहीत. त्यांनी फक्त हवामानाचा नकाशा माझ्यासमोर सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. साहेबांनी नारळ फोडला, कांड्यांना झेंडूचे हार घातले, हळदीकुंकू वाहिलं. माझ्या तुकड्यांवरही कुणीतरी कुंकवाचं बोट ओढलं. क्रेननं एकेक कांडी उचलून बार्जवर ठेवायला सुरुवात केली. काम चोख आणि झटपट चाललं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं की काहीतरी अडकावं, क्रेन बंद पडावी, कुणाची सही राहावी. काही अडकलं नाही. दुपारनंतर बार्ज सुटला. आबा त्या वेळी गाडीत बसून परभणीहून निघाले होते, कोरडी घोंगडी मांडीवर घेऊन.

स्टेशनवर त्यांना उतरवून घेतलं आणि त्यांची पिशवी उचलली. मला वाटलं, चेहऱ्यावरून ओळखतील. त्यांनी ओळखलं नाही. वाटेत विचारत राहिले, "जेवली का मंडळी? का माझ्यासाठी उपाशी हायेत?" रिक्षात शेवटी मी सांगितलं. त्यांनी मांडीवरच्या घोंगडीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "जागा तर बघू."

यार्डाच्या फाटकावर सुरक्षारक्षकानं हेल्मेट दिलं आणि पटका काढा म्हणाला. भरल्या घरासमोर बोडकं व्हायचं नाही, यावर आबा अडले. घर भरलेलं नाही, रिकामं आहे, हे माझ्या ओठावर आलं होतं. शेवटी त्यांनी पटका कमरेला गुंडाळला, हेल्मेट घातलं, पायांत दोन मापं मोठे बूट चढवले आणि फटफट करत माझ्या मागं चालू लागले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी या ध्यानाचा फोटो काढला असता.

आत लाकडी ओंडक्यांच्या रांगा होत्या, ज्यांवर कांड्या ठेवल्या होत्या. ग्रीसचे डाग, तुडवलेला झेंडू, करवंटीचे तुकडे. आबा एका ओंडक्यापाशी थांबले. "इथं व्हते तुझे?" मी म्हणाले, नाही, पुढच्या रांगेत. ते पुढच्या रांगेत गेले. तिथं उभं राहून त्यांनी हातांनी अंतर दाखवलं, "एवढी जाड?" मी त्यांचे हात थोडे जवळ आणले. एका कोपऱ्यात सांधा तपासण्यासाठी कापून काढलेलं नळीचं एक कडं पडलं होतं. मला वाटलं, निदान हे तरी. मी ते त्यांना दाखवलं, पोलाद केवढं जाड असतं बघा म्हणाले. त्यांनी हातही लावला नाही.

"हे मागं ऱ्हायलेलं हाय, पोरी. जे कामाला गेलं ते बघायचं व्हतं."

धक्क्यावर गेलो. आबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. बार्ज कुठल्या दिशेनं गेला म्हणून विचारलं, मी बोट दाखवलं. तिकडं काही म्हणजे काही नव्हतं. एवढ्या पाण्याकडं त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही, नजर माझ्या बोटाच्या टोकाशीच ठेवली होती. मग घोंगडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ठिव तुझ्याकडं. म्होरच्या नळीच्या वख्ताला मी आदीच येऊन बसतो." मी म्हणाले, हो. आम्ही दोघंही त्या वेळी खोटं बोलत नव्हतो.

पुढं नळी व्यवस्थित बसली. मला जहाजावर कुणी पाठवलं नाही. डिझाइनवाले कचेरीतच बरे, असा आमच्याकडं शिरस्ता. मी पडद्यावर ताणाचे आकडे बघत होते. काही दिवसांनी कुणीतरी पाण्याखालच्या यंत्राच्या कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्रण पाठवलं. त्यात माझे तुकडे गाळात टेकत होते, दिव्याच्या झोतात गाळ धुरासारखा उडत होता आणि एक मासा मध्येमध्ये करत होता. मी ते किती वेळा पाहिलं असेल, सांगत नाही. गावी जाऊन आबांना दाखवलं तेव्हा ते रानात होते. उन्हात पडद्यावर काही दिसेना. त्यांनी धोतराच्या सोग्याचा आडोसा केला, डोळे बारीक केले. "लय गाळ हाय," म्हणाले आणि मोबाइल परत दिला. थोड्या वेळानं विचारलं, "नारळ कुणी फोडला म्हनलीस?"

पुढची नळी आलीच नाही. म्हणजे कामं आली, पण कधी उथळ पाण्यातली, कधी दुसऱ्या देशाच्या समुद्रातली. त्यांच्या नळ्या तिकडच्याच यार्डात जोडल्या जात. इथल्या एका खोल पाण्याच्या कामावर आम्ही बरीच मेहनत घेतली, तर ते कागदावरच राहिलं. दर दिवाळीला फराळ करताना आबा सहज विचारल्यासारखं विचारत, "यंदा हाय का गं काय?" आणि मी लाडू मोडत म्हणे, "बघू, आबा. अजून ठरलं नाही." यापलीकडं आमचं त्यावर बोलणं होत नसे. मला वाटायचं, विचारायचं म्हणून विचारतात. हळूहळू कळप लहान होत गेला. मला वाटलं, वय झालं, झेपत नसेल. तसं मी मायलाही म्हणाले. मायनं विषय बदलला.

मागच्या वर्षी आबा गेले. फार आजारी पडले नाहीत, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आम्ही बसलो होतो, माणसं भेटायला येत होती. पाथरीकडचे एक मोठे बागायतदार आले. आबांची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, एवढं मला माहीत होतं. ओटीवर टेकले, पाणी प्याले, आणि मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाचं जसं कौतुक करतात तसं थोडं केलं. मग म्हणाले, "तुमी ती समुद्रावाली लेक का?"

मी मान हलवली.

"पौषातच आमचं रान मोकळं असायचं बगा. दर साली निरोप धाडायचो. पर आबा पौषाची जबान द्यायचेच न्हाईत. म्हनायचे, पौष सोडून बोला. पोरीचं बोलावणं कवाबी येईल, मंग मेंढरं कुनावर टाकू? मागच्या बारीला एका दिसानं चुकलं, आता चुकवायचं न्हाई. आमी बी किती साल वाट बघावी? मंग दुसरा कळप लावला. पाथरीच्या बाजूची समदी रानं तशीच सुटली त्यांची. त्या महिन्याभरात मेंढरं घरापाशी आन आबा पारावर."

दारात माय उभी होती. तिला हे ठाऊक होतं, हे तिच्याकडं बघून कळलं. तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण आबांनी सांगू नको म्हटलं असणार. पोरीला उगाच फिकीर नको.

मुंबईला बोलावून घ्यायला नळी कशाला हवी होती? समुद्र तिथंच होता. मी तिथंच होते. एकाही पौषात मला हे सुचलं नाही, याचा पश्चात्ताप आता कितीही केला तरी तो कुणाला नेऊन दाखवणार?

"मंग गेले का हो आबा एकांदी खेप?" बागायतदारांनी विचारलं. "आलं का बोलावणं?"

"नाही," मी म्हणाले. "मी बोलावलंच नाही."